करवीरमध्ये गळवाल्यांचा दोन दिवसांचा मदतमेळा घ्यायचाय: तारीख, वजन, चारा, पैसे याबद्दल सांगा

तळ्याकाठी_करवीर

नमस्कार मंडळी. थॅलेसेमियाच्या मुलांच्या औषधांसाठी निधी गोळा करायचा म्हणून हौशी गळवाल्यांचा मेळा घ्यायचं ठरतंय. जागा करवीर तालुक्यातला एक पाझर तलाव, मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं आहे. पाण्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस आणि थोडे गवत्या. चिलापी भरपूर. तीस जण येतील, प्रत्येकी दोन रॉड.

आत्ताचा आराखडा असा. मे महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार, कारण पोरांना सुट्टी. शनिवारी सकाळी सहापासून रविवारी दुपारी बारापर्यंत, रात्रही काठावरच. मासे प्रत्येकानं आपापल्या जाळीच्या पिंजऱ्यात पाण्यात ठेवायचे, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांचं एकत्र वजन, मग सोडून द्यायचे. प्रवेश १५०० रुपये. प्रायोजक किलोमागे ठरावीक रक्कम देणार. शिवाय ५० रुपयांची तिकिटं काढून सोडतीत रॉड-रीळ द्यायचा विचार आहे. पैसे सध्या माझ्याच यूपीआयवर घेतो आणि नंतर एकदम देतो.

यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा. चाऱ्याला मर्यादा घालावी का, आणि परवानगी नक्की कुणाकुणाची लागते, हेही सांगा.

शिसे_साठ_ग्रॅम

हेतू चांगला आहे, पण दादा, तारीख आणि पिंजरे या दोन्ही गोष्टी बदला. एकत्र आल्या तर सोमवारी सकाळी तलावावर पांढरी पोटं तरंगताना दिसतील.

वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तीस अंशाला साडेसातच. मे महिन्यात पाझर तलावाचं पाणी खोल गेलेलं, तापलेलं आणि शेवाळानं हिरवं असतं. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, पण रात्रभर तेच शेवाळ, मासे आणि तळातला गाळ मिळून तो संपवतात. म्हणून पहाटे चार ते सात या वेळात ऑक्सिजन सगळ्यात कमी. आदल्या दिवशी ढग असतील तर त्याहून वाईट. मासे वर येऊन तोंडानं हवा घेताना दिसतात ते याच वेळी. तुमच्या आराखड्यात रात्री लागलेला मासा नेमका ही वेळ पिंजऱ्यात काढणार.

फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा पहिला पंधरवडा घ्या. पाण्यात गारवा असतो, पातळी बरी असते, आणि डिसेंबर-जानेवारीत आखडलेले रोहू-कटला परत खायला लागलेले असतात. त्या दिवसांत ऊसवाहतूक चालू असते, तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे अडकायचं नसेल तर सगळ्यांना पहाटेच बोलवा. चैत्र पौर्णिमेच्या आसपास मात्र नको. जोतिबाची यात्रा असते, पोलीस तिकडे, रस्ते भरलेले. जून ते ऑगस्टचं तर नावच काढू नका, तो विणीचा काळ.

आता वजन. वजनकाटा माशाकडे न्यायचा, मासा काट्याकडे आणायचा नाही. तीस जागा, दोन जागांत १५ मीटर अंतर, म्हणजे ४५० मीटर काठ. दोघा-दोघांची चार पथकं करा. एका पथकाकडे सात-आठ जागा, म्हणजे सव्वाशे मीटरच्या आतच काठ येतो. या टोकाहून त्या टोकाला चालत दोन मिनिटं. प्रत्येक जागेवर एक लाल फडकं बांधलेली काठी ठेवा. मासा हातजाळीत आला की काठी उभी करायची. पथक येईपर्यंत मासा हातजाळीतच, गुडघाभर पाण्यात, जाळीचं तोंड वर धरून. दहा मिनिटांत पथक आलं नाही तर शेजारच्या जागेवरचा माणूस साक्षीदार, मोजपट्टीवर जागेच्या क्रमांकाच्या चिठ्ठीसह फोटो, आणि मासा पाण्यात.

काठावरची कृती थोडक्यात सांगतो, पथकाला छापून द्या. आधी मासा तोलायची झोळी पाण्यात भिजवा, काट्याला लावा, शून्य करा. प्रत्येक माशाच्या वेळी परत शून्य करायचं, कारण कोरडी झोळी आणि निथळणारी झोळी यांत सहज दोनशे-तीनशे ग्रॅमचा फरक पडतो आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. चटईवर बादलीभर पाणी ओता. हात ओले करा. मासा चटईवर, गळ काढा, मासा झोळीत, काटा वाचा, आकडा मोठ्यानं सांगा, दुसऱ्यानं लिहून घ्यायचा. फोटो असेल तर चटईवर गुडघे टेकून, मासा जमिनीपासून वीतभरच वर. उभं राहून फोटो नाही, माशानं उसळी मारली तर कमरेच्या उंचीवरून दगडावर पडतो. पाण्याबाहेर एकूण वेळ एक मिनिट. फोटो काढणाऱ्यानं स्वतःचा श्वास रोखावा. आपल्याला घ्यावासा वाटला की माशालाही तेवढीच गरज आहे.

सोडताना पोट खाली, पाठ वर, पाण्यात हलकं धरून ठेवा. पुढे-मागे घुसळू नका. मागे ओढलं की पाणी कल्ल्यातून उलटं शिरतं. शेपटीनं स्वतः जोर लावला की सोडायचं.

चटईला महाग सामान लागत नाही. ५० मिमी जाडीचा फोम, एक मीटर बाय साठ सेंटिमीटर, वर रेक्झिनची खोळ, बाजारात शिवून मिळते. दोन जागांत एक, म्हणजे पंधरा चटया. पोतं वापरू नका. तागाचा खरखरीतपणा माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडून काढतो, आणि तो थर गेला की बुरशी धरते. मासा पोहत गेला म्हणून वाचला असं नसतं, पाच-सहा दिवसांनी मरतो आणि तेव्हा बघायला आपण नसतो.

काटा तपासायला किराणा दुकानातून शिक्क्याचं पाच किलोचं वजन आणा. चारही काटे सकाळी आणि दुपारी त्याच वजनावर लावा. बॅटरी उतरली की आकडे नाचायला लागतात.

पेंड_काकवी

चाऱ्याला मर्यादा हवीच. तीस जणांनी दिवसाला पाच-पाच किलो टाकला तर दोन दिवसांत तीनशे किलो होतो. न खाल्लेला चारा तळाला कुजतो आणि वर सांगितलेला ऑक्सिजन तोही खातो. माणशी दिवसाला दोन किलो ओला चारा पुरे.

आपल्याकडच्या पाण्यात चालणारं मिश्रण: शेंगदाणा पेंड एक किलो, भाताचा कोंडा अर्धा किलो, मक्याचा भरडा अर्धा किलो, काकवी दोनशे ग्रॅम, भाजून कुटलेली मेथी आणि बडीशेप मिळून वीस ग्रॅम. पेंड आदल्या रात्री फोडून चाळून घ्या. काकवी अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून थोडी थोडी शिंपडत मळा, वीस मिनिटं झाकून ठेवा, मग लागलं तर आणखी पाणी. सगळ्यांची चूक इथंच होते: कोंडा सावकाश पाणी पितो, सुरुवातीला कोरडं वाटतं म्हणून आणखी ओततात आणि अर्ध्या तासानं त्याचा चिखल होतो. लिंबाएवढा गोळा करून बादलीत टाकून बघा. आठ-दहा मिनिटांत सुटून पसरला पाहिजे. तासभर तसाच राहिला तर तो गोळा तळाला दगडासारखा पडून राहणार. हिरवी-काळी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर ती पेंड फेकून द्या, बुरशीचं विष माशालाही बाधतं.

मका आणि हरभरा अख्खा टाकायचा असेल तर चोवीस तास भिजवून अर्धा तास उकळलेलाच. कच्चा दाणा माशाच्या आतड्यात फुगतो. नियमात लिहा आणि सकाळी बादल्या बघा: नखानं दाबल्यावर दाणा फुटला पाहिजे.

गळाबद्दल एकच गोष्ट आग्रहानं सांगतो. स्प्रिंगभोवती कणकेचा गोळा आणि त्याला सहा-आठ गळांचा झुमका, ही पद्धत या मेळ्यात बंद ठेवा. मासा गोळ्याला तोंड लावतो, एक गळ ओठात जातो, आणि झटका मारला की उरलेले डोळ्यात, कल्ल्यात, पोटाला बसतात. असा मासा सोडून काही उपयोग नाही. एका दोऱ्याला एकच गळ, तोही काट्याविना (काटा म्हणजे गळाच्या टोकामागची उलटी अणी). काट्याचा असेल तर पक्कडीनं काटा दाबून सपाट करा आणि कापडावर ओढून बघा, धागा अडकला नाही पाहिजे.

रोहू, मृगळ, सायप्रिनस तळाशी किंवा तळाजवळ खातात. त्यांना केसावरची मांडणी चांगली: सहा-आठ नंबरचा गळ, गळ बांधताना उरलेल्या दोऱ्याच्या टोकाला (हाच 'केस') फास ठेवून त्यात मक्याचे दोन दाणे किंवा एक हरभरा. दाणा आणि गळाच्या वाकात पाच-सहा मिमी मोकळी जागा. हे मासे खाणं आत ओढतात, नकोसं वाटलं की फुंकून टाकतात. दाणा बाहेर जाताना गळ मागे राहून खालच्या ओठात रुततो. केस आखूड ठेवला तर दाणाच गळाच्या तोंडात अडकतो, रॉडची घंटी वाजते पण मासा लागत नाही. फार लांब ठेवला तर मासा दाणा चाखतो आणि गळ तोंडाबाहेरच राहतो.

मुख्य दोरा ०.३३ मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोरा), गळाचा तुकडा पंधरा-वीस सेंटिमीटर आणि मुख्य दोऱ्यापेक्षा थोडा कच्चा. का, तर तुटायचं झालं तर गळाजवळ तुटावं. मुख्य दोरा तुटला तर मासा साठ ग्रॅम शिसं आणि वीस मीटर तंगूस घेऊन फिरतो, कुठंतरी बाभळीच्या बुंध्याला अडकतो आणि तिथंच मरतो. त्याच कारणानं शिसं दोऱ्यावर सरकतं ठेवा, गाठीत पक्कं करू नका.

कटला वेगळा. त्याचं तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत, तो मधल्या आणि वरच्या पाण्यात बारीक कण गाळून खातो. तळाला मका ठेवून त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. बोया लावून तीन ते पाच फूट खोलीवर सत्तू आणि पावाच्या चुऱ्याचा मऊ गोळा, जो पाण्यात धुरासारखा सुटत राहील. त्याला चार नंबरचा गळ चालतो.

काठावरचा_ठेका

परवानगीचं बघू. आधी तलाव कुणाचा ते शोधा: जलसंपदा, जिल्हा परिषद की ग्रामपंचायत. पाण्याचा मालक एक आणि मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे, हे नेहमीचंच. दोघांचीही लेखी संमती घ्या आणि प्रत मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात द्या. ग्रामपंचायतीला पत्र, पोलीस ठाण्याला माहिती, आणि स्पीकर लावणार असाल तर त्याची वेगळी परवानगी. राधानगरी-दाजीपूरकडचा धरणाचा फुगवटा कुणी सुचवला तर लगेच नको म्हणा, तिथं अभयारण्याची हद्द येते. कळंबा तलावाचं पाणी कोल्हापूर शहराला प्यायला जातं, तिथं पेंड ओतणं शोभत नाही. रंकाळ्यावर फिरणाऱ्यांची गर्दी, मागे रॉड घेताना कुणाच्या तोंडाला लागेल सांगता येत नाही. तुमचा पाझर तलावच बरा.

पण "सोडून द्यायचे" हे तुम्ही एकट्यानं ठरवू नका. रोहू, कटला, मृगळ पुरात वाहत्या पाण्यात वीण घालतात, साचलेल्या तलावात नाही. म्हणजे तुमच्या गळाला लागणारा प्रत्येक रोहू हा संस्थेनं विकत आणून सोडलेल्या बोटुकलीतला (बोटाएवढ्या पिल्लांतला) आहे. तो सभासदांच्या घरचा माल आहे. त्यांच्याशी बसून दोनपैकी एकच ठरवा आणि लिहून घ्या: एक, सगळे मासे सोडायचे आणि संस्थेला दिवसाचं भाडं द्यायचं, किंवा दोन, दोन किलोवरचे मासे संस्थेला द्यायचे आणि विक्रीतला ठरलेला वाटा निधीला. काठावर कुणी सोडतोय, कुणी पिशवीत घालतोय, असं झालं तर पुढच्या वर्षी तलाव मिळणार नाही.

संस्थेला हेही सांगा की मेळ्याच्या दोन दिवस आधी पाण्यात लावून ठेवलेली कंडाळ जाळी उचला. पाण्यात जाळी राहिली तर निम्म्या रॉडचे दोरे त्यात गुंततात.

शिसे_साठ_ग्रॅम

वरच्या दुसऱ्या पर्यायाला माझा विरोध आहे, पण संस्थेचा आग्रहच असेल तर मग नीट करा. मासा पिशवीत तडफडत ठेवायचा नाही. डोक्यावर एक जोराचा घाव, लगेच बर्फात. मासे आणि बर्फ वजनानं सारखे, एक थर बर्फ, एक थर मासा. शंभर किलो मासा धरलात तर शंभर किलो बर्फ आधी आणून ठेवावा लागेल. फेब्रुवारीतल्या दुपारीही उन्हात ठेवलेला मासा दोन तासांत मऊ पडतो आणि मग व्यापारी भाव पाडतो.

माझ्या मते भाडं देऊन सोडणंच बरं. तीस गळवाल्यांना मासा कसा हाताळायचा हे दोन दिवस शिकायला मिळतं, ते दुसरीकडे कुठं मिळत नाही.

एक अपवाद मात्र: थाई मांगूर लागला तर पाण्यात परत सोडायचा नाही. देशात त्याच्या पालनावर बंदी आहे आणि तो बाकीची पिल्लं खाऊन टाकतो. बाजूला काढून संस्थेला दाखवा.

हिशेब_चोख

पैशाच्या बाबतीत तुमच्या आराखड्यात तीन गोष्टी धोक्याच्या आहेत.

पहिली, स्वतःच्या यूपीआयवर वर्गणी. हेतू कितीही स्वच्छ असला तरी ते पैसे तुमच्या खात्यात तुमचेच दिसतात. शिवाय नोंदणी नसलेल्या मंडळींनी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच. त्याहून सोपं म्हणजे ज्या नोंदणीकृत न्यासाला पैसे द्यायचेत, त्याचाच क्यूआर काठावर लावा. पावती न्यासाची, पैसा थेट न्यासाकडे, तुमच्या हातात फक्त मेळा. करसवलतीची पावती हवी असणाऱ्यांना सांगा की २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.

दुसरी, सोडत. पैसे घेऊन तिकीट आणि चिठ्ठी काढून बक्षीस म्हणजे लॉटरी. आपल्या देशात लॉटरी राज्य सरकारांनाच चालवता येते. कारण चांगलं आहे म्हणून ती कायदेशीर होत नाही. रॉड-रीळ देणगीत मिळालंय ना? मग लिलाव करा. गुळाच्या सौद्यासारखी बोली लावा, पैसेही जास्त येतात.

तिसरी, किलोमागे प्रायोजक. समजा वीस प्रायोजक, प्रत्येकी किलोला २० रुपये. दीडशे किलो मासा लागला तर प्रत्येकाचे ३००० आणि एकूण ६०,००० रुपये. वारा फिरला आणि दोन दिवसांत बाराच किलो लागला तर एकूण ४८००. मुलांची औषधं माशाच्या भुकेवर ठेवू नका. प्रत्येक प्रायोजकाच्या कार्डावर दोन आकडे घ्या: कमीत कमी १००० आणि जास्तीत जास्त ५०००, मधे किलोमागे २०. किमान २०,००० तर येतातच, आणि प्रायोजकालाही वरची मर्यादा माहीत असते.

प्रवेशाचे तीस गुणिले १५०० म्हणजे ४५,००० रुपये खर्चाला ठेवा: तलावाचं भाडं, चटया, मांडव, जेवण. देणगीतला एक रुपयाही मांडवाला लावू नका. जेवणाचा अंदाज पथकं आणि संस्थेची माणसं धरून पंचेचाळीस जणांचा काढा. सकाळी मिसळ, दुपारी साधं जेवण पुरे. तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा बेत असेल तर तो एखाद्या हॉटेलवाल्याकडून देणगीत मिळतो का बघा. भांडी तलावात धुवायची नाहीत हे आचाऱ्याला आधीच सांगा. मेळा झाल्यावर आठ दिवसांत जमा-खर्च इथंच टाका, बिलांच्या फोटोंसह.

तळ्याकाठी_करवीर

सगळ्यांचे मनापासून आभार. बदल केले: फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार-रविवार, पिंजरे बंद, चार पथकं, न्यासाचा क्यूआर, सोडतीऐवजी लिलाव. संस्थेशी बोलणं झालं, भाडं घेऊन मासे सोडायला तयार आहेत.

दोन प्रश्न राहिले. रात्रीचं ठेवावं का? आणि क्रमांक कसा काढायचा: एकूण वजन, की सगळ्यात मोठा मासा?

बांधावरचा_कंदील

पहिल्या वर्षी रात्र ठेवू नका. शनिवारी सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सहा, रविवारी साडेसहा ते बारा. अंधारात वजनाचं पथक दगडांवरून धावणार, उसाच्या कडेनं घोणस फिरत असणार, आणि पाण्यात पडलेला माणूस दिसणार नाही. फक्त चार-पाच जण राखणीला राहू देत, त्यांना बूट आणि बॅटरी सक्तीची.

दिवसाही काही गोष्टी लागतात. जागा आखताना शेतीपंपाच्या तारा कुठून जातात ते आधी बघा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, ओला दोराही भरवशाचा नाही. तारेच्या दोन्ही बाजूंना तीस मीटरपर्यंत एकही जागा ठेवू नका, आणि तिथून रॉड उभा धरून चालत जायलाही बंदी करा. ढग गडगडले की रॉड खाली, माणसं गाडीत.

दर पाच जागांमागे हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब आणि तिला बांधलेला वीस मीटर दोर. बुडणाऱ्यामागे उडी नाही, ट्यूब फेकायची. पुढंमागं कुणी शेततळ्यात मेळा घ्यायचं म्हणालं तर एक लक्षात ठेवा: शेततळ्याच्या प्लास्टिक कागदावर शेवाळ धरतं आणि पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडल्याशिवाय तिथं पाऊलही टाकू नये. शिवाय गळानं कागद फाटला तर शेतकऱ्याचं पाणी जातं.

बोटात गळ शिरला आणि काट्याविना असेल तर आला तसा मागे निघतो. डोळ्याजवळ शिरला असेल तर हात लावायचा नाही, दोरा कापून, वर वाटी झाकून थेट दवाखाना. दोन्ही बाबतींत धनुर्वाताचं इंजेक्शन. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हातपाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का हे आठवडाभर आधी स्वतः जाऊन विचारा, नसेल तर गाडी थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला.

क्रमांकाबद्दल: सगळं वजन धरलं तर लोक चिलापीच्या मागे लागतात आणि पथकं दिवसभर पाव-पाव किलो मोजत बसतात. एकच मोठा मासा धरला तर ज्याला चांगली जागा मिळाली त्याचंच नशीब. प्रत्येकाच्या पाच मोठ्या माशांची बेरीज धरा, अर्ध्या किलोच्या खालचा मासा मोजायचा नाही, चिलापी क्रमांकात नाही. जागांच्या चिठ्ठ्या शनिवारी सकाळी सगळ्यांसमोर काढा आणि रविवारी जागा उलटा: एक नंबरवाला सोळावर, दोन नंबरवाला सतरावर, असं. दुपारनंतर वारा ज्या काठाकडे जातो तिथं केंदाळ (जलपर्णी) साठतं आणि दोरे ओढून नेतं, त्या काठाचा त्रास एकाच माणसाला दोन्ही दिवस नको.

पेंड_काकवी

जागा बदलणार असाल तर शनिवारी संध्याकाळी उरलेला चारा पाण्यात ओतून कुणी मोकळा होणार नाही हे बघा. दिवसाच्या दोन किलोतला उरलेला परत घरी. आणि प्रत्येक जागेवर एक रिकामी पाण्याची बाटली ठेवा, तुटलेला तंगूस तिच्यातच. काठावर पडलेला तंगूस बगळ्यांच्या आणि टिटव्यांच्या पायात गुंडाळतो, पाय सुजून गळून पडतो.

तळ्याकाठी_करवीर

समजलं. शेवटचं विचारतो: मासा वर आला आणि अंगावर तांबडा व्रण किंवा उवांसारखे चपटे ठिपके चिकटलेले दिसले तर पथकानं काय करायचं?

शिसे_साठ_ग्रॅम

झोळीत घालू नका, वजनही नाही. पाण्यातच धरून गळ काढा, एक फोटो घ्या, तिथंच सोडा. जागेचा क्रमांक आणि वेळ लिहून त्याच दिवशी संस्थेला कळवा. ती हातजाळी आणि चटई बाजूला ठेवायची, दुसऱ्या माशाला वापरायची नाही, म्हणून दोन हातजाळ्या आणि दोन चटया जादा ठेवा. मेळा संपल्यावर सगळ्यांनीच जाळ्या, झोळ्या आणि चटया दोन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवायच्या आणि मगच दुसऱ्या तलावावर न्यायच्या. केंदाळाचा बोटाएवढा तुकडासुद्धा जाळीत अडकून राहिला तर नव्या तलावात फुटतो.

एकापेक्षा जास्त मासे असे दिसले तर मेळा तिथंच थांबवा आणि किमान रकमेवर हिशेब करा. त्यासाठीच कार्डावर किमान रक्कम घेतलीय.